हुशार मुलाला कमी गुण का मिळत?

#थ्रेड

जोहान्सबर्गजवळ १९१० साली उभ्या राहिलेल्या टॉल्स्टॉय फार्मवर सत्याग्रही कुटुंबांतील मुलांचा एक वर्ग भरे. सात वर्षांच्या बालकापासून वीस वर्षांच्या तरुणापर्यंत सारे एकत्र. कोणाची भाषा गुजराती, कोणाची तमिळ. सकाळी शेतात राबलेली मुले दुपारी वर्गात पेंगत. गुरुजींनाही डुलकी येई. हे गुरुजी म्हणजे मोहनदास गांधी.

अशा वर्गाला एकच मोजपट्टी कशी लावायची? फिनिक्स व टॉल्स्टॉय फार्म येथील गांधींच्या गुणदानाची रीत मुलांनाही प्रथम उमगली नाही. सरस उत्तर लिहिणाऱ्याला कित्येकदा कमी गुण, अडखळत लिहिणाऱ्याला अधिक! तुलना शेजारच्या मुलाशी नसे. त्याच मुलाच्या आधीच्या कामाशी असे. दुसऱ्याच्या पुढे असल्याच्या समाधानात हुशार मूल मंदावते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

मूठभर मुलांना नावानिशी ओळखणाऱ्या शिक्षकाला हे साधले. प्रांतोप्रांतीच्या शाळांत ते कसे साधावे?

हा प्रश्न उभा राहिला तो वर्ध्यात. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तेथे शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीने प्रचलित परीक्षापद्धतीला शिक्षणाचा शापच ठरविले. मुलाला वरच्या वर्गात घालण्याचा निर्णय शिक्षकाने कामाच्या नोंदींवरून घ्यावा. निरीक्षकांनी निवडक विद्यार्थ्यांची प्रगती पाहून शाळेची पारख करावी, असे तिने सुचविले. परीक्षेचा भार मुलाच्या डोक्यावरून शाळेच्या डोक्यावर आला. त्या काळी हे धाडसच.

पण याच योजनेत दुसरे एक मोजमाप दडले होते. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे हस्तोद्योगाला दिलेली, आणि त्याच्या उत्पन्नातून शिक्षकाचे वेतन निघावे ही गांधींची अपेक्षा. प्रा. के. टी. शहा यांनी परिषदेतच यावर आक्षेप घेतला. आर्थिक बाजू शैक्षणिक हेतूवर मात करील, हा धोका समितीनेही नोंदविला. तो अनाठायी नव्हता. सुताच्या गुंड्या मोजता येतात. मुलाची समज कशी मोजणार?

१९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि योजनेचा राजाश्रय बव्हंशी सुटला. पुढे मुंबई प्रांतात १९४८ च्या कायद्याने मॅट्रिकच्या जागी एस.एस.सी. परीक्षा आली. नाव बदलले, एकच प्रश्नपत्रिका आणि गुणांची क्रमवारी तीच राहिली.