प्रोग्राम एडिटरमधील ‘प्रकल्प’ या संकल्पनेचा इतिहास : निष्क्रिय सुविधांच्या संदर्भात

प्रस्तावना

संगणकाच्या प्रयोगशाळेत शिकविणाऱ्या प्रत्येकास एक प्रसंग परिचयाचा असतो. विद्यार्थ्याने पुस्तकातील प्रोग्राम जसाच्या तसा उतरवून घेतलेला असतो. अक्षरन्‌ अक्षर ताडून पाहिले तरी चूक सापडत नाही आणि तरीही तो चालत नाही. अलीकडे या प्रसंगाचे रूप थोडे बदलले आहे. शेजारच्या संगणकावर दोन अक्षरे टंकताच एडिटर उरलेला शब्द सुचवितो, चुकीच्या ओळीखाली लाल रेघ ओढतो. याच्या संगणकावर तोच एडिटर, तीच आवृत्ती, पण पडद्यावर काहीच घडत नाही. दोष प्रोग्राममध्ये नसतो आणि एडिटरमध्येही नसतो. तो या दोहोंच्या मधल्या जागेत असतो.

या मधल्या जागेला आज ‘प्रकल्प’ असे म्हणतात. कोणत्या फाईली मिळून एक प्रोग्राम होतो, त्यांना लागणाऱ्या लायब्ररी कोठे ठेवल्या आहेत, भाषेच्या कोणत्या आवृत्तीचे नियम लावायचे, यांचे प्रोग्रामच्या बाहेर लिहून ठेवलेले वर्णन म्हणजे प्रकल्प होय. हे वर्णन गेल्या पन्नास वर्षांत कोठून कोठे सरकत गेले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. प्रत्येक टप्प्यावर प्रोग्रामरचे श्रम वाचले हे निर्विवाद आहे. परंतु त्याच वेळी पूर्वी मोठ्याने बोलणारी चूक हळूहळू मुकी होत गेली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या मौनाची किंमत जाणकारापेक्षा नवशिक्यालाच अधिक मोजावी लागते, म्हणून हा इतिहास केवळ तंत्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय राहत नाही.

स्मरणात राहणारा प्रकल्प

केन थॉम्प्सन यांनी १९६९ मध्ये युनिक्ससाठी लिहिलेला ‘एड’ हा एडिटर ओळी ओळखत असे, प्रोग्राम नव्हे. बिल जॉय यांच्या १९७६ च्या ‘व्हीआय’ने संपूर्ण पडदा वापरात आणला, तरी त्याच्या दृष्टीने पत्र आणि प्रोग्राम यांत फारसा भेद नव्हता. कोणत्या फाईलवर कोणती फाईल अवलंबून आहे, कोणती पुन्हा कंपाईल करावयाची राहिली आहे, हे सारे प्रोग्रामरच्या डोक्यात असे. सुविधाच नसल्याने ती सुरू न होण्याचा प्रश्नही नव्हता.

डोक्यातील या प्रकल्पाची मर्यादा ज्या घटनेने उघड केली, ती बेल लॅब्जमध्ये घडली. ‘याक’ या प्रसिद्ध साधनाचे कर्ते स्टीव्ह जॉन्सन एके दिवशी सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत वैतागून आले. अचूक असलेल्याच प्रोग्राममधील चूक शोधण्यात त्यांची अख्खी सकाळ वाया गेली होती. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती. दुरुस्त झालेली फाईल मात्र पुन्हा कंपाईल झालेली नव्हती. फेल्डमन यांनी त्याच आठवड्याच्या अखेरीस ‘मेक’ हे साधन उभे केले. ही घटना १९७६ ची. पुढे २००३ मध्ये या कामाबद्दल त्यांना एसीएम या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. अचूक प्रोग्रामवर संशय घेत सकाळ घालविणारा जॉन्सन यांच्यासारखा निष्णात माणूस आणि आपल्या प्रयोगशाळेतील प्रथम वर्षाचा विद्यार्थी यांची स्थिती मुळात एकच आहे. फरक एवढाच, की जॉन्सन यांना स्वतःच्या बुद्धीबद्दल शंका येण्याचे कारण नव्हते.

‘मेक’मुळे प्रकल्पाचे वर्णन प्रथमच कागदावर, म्हणजे मेकफाईलमध्ये उतरले. त्यासोबत एक नवी अडचणही आली. मेकफाईलमधील आज्ञेच्या ओळीचा आरंभ ‘टॅब’नेच व्हावा लागतो, मोकळ्या जागा चालत नाहीत. दोन्ही डोळ्यांना सारख्याच दिसतात. हा नियम गैरसोयीचा असल्याचे फेल्डमन यांच्या काही आठवड्यांतच लक्षात आले होते. परंतु तोवर डझनभर लोक साधन वापरू लागले होते आणि त्यांची घडी मोडू नये म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला. त्या डझनभर मित्रांच्या सोयीची किंमत जग अद्याप मोजीत आहे. तथापि मेक निदान अडून बसते आणि कोणत्या ओळीवर अडले ते सांगते.

फाईलच्या नावावरून ओळख

त्याच १९७६ साली एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांच्या हातून ईमॅक्स आकारास आला. प्रत्येक फाईलसाठी एक ‘मोड’ ही त्याची कल्पना. फाईलच्या नावाचा शेवट किंवा तिच्या पहिल्या ओळीतील खूण पाहून एडिटर भाषा ओळखतो आणि त्या भाषेच्या सुविधा सुरू करतो. सुविधा ‘सक्रिय होणे’ या कल्पनेचे मूळ येथे आहे आणि ती सक्रिय न होण्याचेही. सी आणि सी++ या दोन्ही भाषांच्या हेडर फाईलींचे नाव बहुधा ‘डॉट एच’ने संपते. ईमॅक्स अशी फाईल दीर्घकाळ सी समजूनच उघडत असे. त्यामुळे सी++ लिहिणाऱ्याला ओळींची मांडणी वेडीवाकडी दिसे आणि त्याचे कारण कोठेही नोंदलेले नसे.

ब्राम मुलेनार यांचा ‘व्हिम’ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. डेबियन व तिच्यापासून निघालेल्या काही लिनक्स प्रणालींत त्याची एक आटोपशीर आवृत्ती मुळातच बसविलेली असते. तीत रंगीत मांडणीची सुविधा समाविष्ट केलेली नसते. ती सुरू करण्याची आज्ञा दिल्यास व्हिम क्षमा मागून सांगतो, की ही आज्ञा या आवृत्तीत उपलब्ध नाही. या संपूर्ण इतिहासात इतक्या स्पष्टपणे स्वतःची असमर्थता कबूल करणारा एडिटर विरळाच.

झेरॉक्सच्या पालो अल्टो येथील केंद्रात १९७० च्या दशकात घडलेल्या स्मॉलटॉकने मात्र हा प्रश्नच उद्भवू दिला नाही. तेथे एडिटर आणि प्रोग्राम एकाच जिवंत प्रतिमेत नांदत. फाईल कोठे आहे हे विचारण्याची वेळच येत नसे. पण बाहेरच्या जगाशी फाईलींची देवाणघेवाण करणाऱ्या उद्योगाने हा मार्ग व्यापकपणे स्वीकारला नाही.

निळ्या पडद्याची पिढी

महाराष्ट्रातील महाविद्यालयांचा या इतिहासाशी प्रत्यक्ष संबंध आला तो बोरलँड कंपनीच्या निळ्या पडद्यामुळे. अँडर्स हेल्सबर्ग यांनी घडविलेला टर्बो पास्कल १९८३ मध्ये ४९.९५ डॉलर किमतीस बाजारात आला. एडिटर आणि कंपायलर एकाच कार्यक्रमात नांदू लागले. १९८७ मध्ये टर्बो सी आणि १९९० मध्ये टर्बो सी++ आले. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ आणि टर्बो सीचा निळा पडदा या जोडीवर आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या प्रोग्रामिंग शिकल्या.

येथे प्रकल्पाचे वर्णन मेन्यूमध्ये गेले. ‘ऑप्शन्स’मधील ‘डिरेक्टरीज’ या खिडकीत हेडर आणि लायब्ररी यांचे पत्ते असत व ते बहुधा ‘सी’ ड्राइव्हवरील ‘टीसी’ या फोल्डरचे असत. प्रयोगशाळेत मात्र टर्बो सी रीतसर बसविण्याऐवजी एका संगणकावरून दुसऱ्यावर फोल्डर उचलून ठेवण्याची प्रथा होती. फोल्डर ‘डी’ ड्राइव्हवर गेले, पत्ता ‘सी’चाच राहिला. मग प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीवर, ‘स्टडिओ डॉट एच’ उघडता येत नाही, असा संदेश येई. विद्यार्थी ती ओळ पुसून पुन्हा लिही.

ग्राफिक्सचे प्रात्यक्षिक तर या विषयाचा उत्तम पाठच आहे. वर्तुळ काढण्यासाठी तीन वेगवेगळ्या ठिकाणी तीन गोष्टी जुळाव्या लागत. पहिली, हेडरचा पत्ता. दुसरी, लिंकरच्या लायब्ररींच्या यादीत ‘ग्राफिक्स लायब्ररी’समोर खूण केलेली असणे. ती नसल्यास प्रोग्राम निर्दोष कंपाईल होई आणि जोडणीच्या वेळी ‘इनिटग्राफ’ हे नाव अज्ञात असल्याची तक्रार येई. तिसरी, पडद्याच्या चालकाची फाईल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पत्ता, आणि तो द्यायचा खुद्द प्रोग्राममध्ये. हा पत्ता सी भाषेत एकेरी उलट्या तिरप्या रेघेने लिहिला, तर ‘टीसी’मधील टी मागील रेघेशी मिळून टॅब होई आणि ‘बीजीआय’मधील बी मिळून मागे सरकण्याचे चिन्ह. पत्ता डोळ्यांना बरोबर दिसे, कंपायलरही त्यावर आक्षेप घेत नसे. चालविल्यावर मात्र ग्राफिक्स सुरू झालेले नाही, ‘इनिटग्राफ’ वापरा, असा संदेश उमटे. विद्यार्थ्याने तेच तर वापरलेले असे!

या संदर्भात प्रस्तुत लेखकास एक कबुली देणे आवश्यक वाटते. अध्यापनाच्या आरंभीच्या वर्षांत एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीचा वर्तुळाचा प्रोग्राम चालेना. तिने तो तीनदा नव्याने लिहिला होता. “नीट बघ, तुझ्याकडूनच काहीतरी राहिले असेल,” असे मी तिला उभ्या उभ्या सांगितले आणि पुढच्या संगणकाकडे वळलो. आठवड्याने कळले, की त्या रांगेतील एकाही संगणकावर ग्राफिक्स लायब्ररीसमोर खूण नव्हती. दुरुस्तीला प्रत्येकी अर्धे मिनिटही लागले नाही. तिने तोवर जर्नलमधील ते पान काढून टाकून एक सोपा प्रोग्राम लिहून आणला होता.

पुढे ६४ बिटांच्या विंडोजने १६ बिटांचे प्रोग्राम चालविणे बंद केले, तेव्हा डॉसबॉक्स या अनुकरणी साधनात टर्बो सी चालविण्याची प्रथा पडली. तेथे ‘सी’ ड्राइव्ह हाच मुळी एखाद्या फोल्डरला दिलेले उसने नाव असतो. पत्त्याचा घोळ आणखी एका मजल्याने वाढला.

ओळखणारा एडिटर, न बोलणारा एडिटर

१९९८ च्या व्हिज्युअल सी++ ६.० मध्ये शब्द सुचविण्याच्या सुविधेसाठी एडिटर प्रकल्पाची स्वतंत्र नोंद ‘एनसीबी’ नावाच्या फाईलमध्ये ठेवू लागला. ही नोंद बिघडली, की सूचना थांबत. प्रोग्राम मात्र कंपाईल होत राही. ती फाईल पुसून प्रकल्प पुन्हा उघडणे हा उपाय तोंडोतोंडी पसरला. २०१० च्या आवृत्तीत या फाईलची जागा डेटाबेसने घेतली. येथे एक महत्त्वाचे वळण आहे. प्रोग्रामविषयीचे कंपायलरचे ज्ञान आणि एडिटरचे ज्ञान यांची आता फारकत झाली होती.

आयबीएमने २००१ मध्ये खुल्या केलेल्या एक्लिप्समध्ये प्रत्येक प्रकल्पास एक किंवा अधिक ‘नेचर’ दिलेले असतात. प्रकल्पाच्या नोंदीत जावाचे नेचर नसेल, तर जावाच्या सुविधा त्यास लागू होत नाहीत. शिवाय एक्लिप्सचे घटक गरज पडेपर्यंत निद्रिस्त असतात. मेन्यू दिसतो, त्यामागील घटक मात्र अद्याप जागा झालेला नसतो. वेगाच्या दृष्टीने ही योजना उत्कृष्टच. फाईल चुकीच्या फोल्डरमध्ये असल्यास ती प्रकल्पाच्या ‘बिल्ड पाथ’वर नाही असे एक्लिप्स सांगतो, हेही त्याच्या श्रेयाच्या खाती नोंदविले पाहिजे.

मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कोड २०१५ मध्ये आला. जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांनी ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’ जाहीर केला. पूर्वी प्रत्येक एडिटरसाठी प्रत्येक भाषेचे ज्ञान वेगळे लिहावे लागे. आता भाषेचा एकच सर्व्हर सर्व एडिटरांना पुरतो. आरंभीच एडिटर सर्व्हरला प्रकल्पाचे मूळ फोल्डर कळवितो, सर्व्हर आपल्याला काय काय येते ते कळवितो आणि तेवढ्याच सुविधा सुरू होतात. विद्यार्थ्याने फोल्डरऐवजी एकच फाईल उघडली किंवा चुकून एक पायरी वरचे फोल्डर उघडले, तर हा संवाद चुकीच्या जागेबद्दल होतो. सी++ साठीचा ‘क्लँगडी’ हा सर्व्हर कंपाईल आज्ञांची नोंद न मिळाल्यास अंदाजाने काम चालवितो. मग टर्मिनलमध्ये सुरळीत कंपाईल होणारा प्रोग्राम एडिटरमध्ये लाल रेघांनी भरून जातो. जॉन्सन यांची सकाळ येथे नव्या वेषात परत येते.

सुरक्षेनेही या मौनात भर घातली. प्रकल्पाचे वर्णन एडिटर आपोआप वाचत असेल, तर परक्याचे वर्णन घातकही ठरू शकते. व्हिममध्ये फाईलमधील सूचनेची ओळ वाचूनच परकी आज्ञा चालविली जाऊ शकत असल्याचा दोष २०१९ मध्ये उघड झाला. २०२१ मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ कोडने अनोळखी फोल्डर मर्यादित अवस्थेत उघडण्यास आरंभ केला. ‘विश्वास आहे’ असे सांगेपर्यंत अनेक विस्तार थांबून राहतात. हा निर्णय योग्यच आहे. परंतु घाईत नकार देणाऱ्या विद्यार्थ्यास तासाभराने सुविधा का नाहीत, याची संगती लागत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या प्रयोगशाळेत आता पहिल्या प्रात्यक्षिकाला प्रोग्राम लिहून घेतला जात नाही. चालणाराच एक प्रोग्राम देऊन फोल्डर मुद्दाम एक पायरी वरचे उघडविले जाते. फाईलची भाषा ओळखली गेली का, मूळ फोल्डर कोणते, फोल्डरवर विश्वास नोंदविला आहे का, सर्व्हर सुरू झाला का आणि त्याच्या नोंदवहीत काय लिहिले आहे, हे या क्रमाने पाहून विद्यार्थी जर्नलमध्ये उतरवितात. ‘निरीक्षणे’ या शीर्षकाखाली दरवर्षी कोणीतरी लिहितेच, की प्रोग्राममध्ये काहीही बदल केला नाही.