दुधाच्या दातांची जुळणी

दुधाचे 20 दात साधारणपणे अडीच ते तीन वर्षांपर्यंत येऊन संपतात. तोंड मिटल्यावर वरची रांग खालच्या रांगेला बाहेरून किंचित झाकते, आणि दुसऱ्या दाढांच्या मागच्या कडा बहुधा एका रेषेत असतात किंवा खालची थोडी पुढे असते. ती मागे असेल तर कायमच्या दाढाही तशाच बसण्याचा संभव मोठा. दातांतल्या फटी पाहून घरचे धास्तावतात. वास्तविक वर सुळ्याच्या पुढे आणि खाली सुळ्याच्या मागे असणारी फट शुभलक्षणच मानावी, कारण पटाशीचे कायमचे दात दुधाच्या दातांहून रुंद असतात. फटी नसलेली देखणी रांगच पुढे दाटीवाटीची होण्याचा धोका अधिक.

‘नाहीतरी पडणारच’ हा आक्षेप सर्वत्र ऐकू येतो. पण दुधाची दुसरी दाढ 10 ते 12 वर्षांपर्यंत जागा राखते. ती किडून लवकर काढली, तर सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ पुढे सरकते आणि उपदाढेची वाट अडते. अंगठा चोखण्याने पुढे आलेले दात आपोआप मागे जातात, हे म्हणणे खरे आहे, मात्र सवय चौथ्या वर्षाच्या सुमारास सुटली तरच. म्हणून 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा होणारी तपासणी मोलाची ठरते. जळगावच्या पिंप्राळ्यासारख्या उपनगरात या तपासणीत किडीबरोबर मुलाला दाढा मिटायला लावून जुळणीही पाहावी. त्याला एक मिनिटही लागत नाही.