गोटमार आणि सामुदायिक आनंद

पोळ्याचा दुसरा दिवस विदर्भात तान्ह्या पोळ्याचा. मुले लाकडी बैल सजवून दारोदार हिंडतात. त्याच दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. रोगराई व अरिष्टे एका पुतळ्यावर लादून तो जाळला जातो. लेवीय 16 मधील अरण्यात सोडलेल्या बकऱ्याचे स्मरण येथे कोणाही उपदेशकास होईल. आणि त्याच दिवशी पांढुर्णा येथे, जाम नदीच्या पात्रात, पांढुर्णा व सावरगाव येथील लोक परस्परांवर दगडांचा वर्षाव करतात. पात्रात रोवलेल्या पळसावरील झेंडा हाती येईपर्यंत, नाहीतर सायंकाळी समेट होईपर्यंत, ही गोटमार चालते. नंतर झेंडा चंडीमातेस अर्पण होतो. 1956 साली नागपूर मुंबई राज्यात गेले, हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. 2023 साली पांढुर्णा व सौंसर मिळून निराळा जिल्हा झाला. सण मात्र तोच राहिला.

दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. कित्येक प्राणास मुकली आहेत. शासनाने मनाई हुकूम काढले, दगडांऐवजी रबरी चेंडूही देऊन पाहिले. चेंडूंनी लोकांचे समाधान झाले नाही. याला केवळ अज्ञान म्हणणे सोपे आहे. पण माणसे तेथे आनंदासाठी जातात, आणि तो आनंद खोटा नसतो, हे आपण धर्मसेवकांनी आधी मान्य केले पाहिजे.

फ्रेंच विचारवंत रेने जिरार यांनी 1972 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले, की समाज आपला अंतर्गत कलह एका बळीवर लोटतो, त्यातून शांती अनुभवतो, आणि पुढे त्याच बळीला पवित्र मानतो. मिथ्यकथा बळीचे निर्दोषत्व झाकते, असेही त्यांचे म्हणणे.

पांढुर्ण्यास हे पुरते लागू पडत नाही. भोसल्यांच्या सैनिकांच्या धोंडफेकीच्या सरावातून गोटमार निघाली, अशी एक आख्यायिका आहे. परंतु लोकांच्या तोंडी अधिक आहे ती दुसरी : पांढुर्ण्याचा तरुण सावरगावच्या तरुणीला घेऊन नदी ओलांडत असता दोन्ही तीरांवरून दगड आले, दोघे मेली, मग लज्जित झालेल्या गावकऱ्यांनी त्यांचे देह चंडीच्या स्थानी नेले. ही कथा काहीच झाकत नाही. मारणारे आपलेच पूर्वज होते, हे ती उघड सांगते. स्तेफनावर धोंडे टाकणाऱ्यांच्या वंशजांनी असे काही जपल्याचे आपल्या वाचनात नाही.

कथेत दगडांनंतर लज्जा येते. विधीत दगड दरवर्षी नव्याने उचलले जातात.