वडीलधारे, वारस आणि खिलाडूवृत्ती : पुण्यातील पालवणकर बंधूंचा दाखला

इंग्रजी क्रीडाविषयक कथावाङ्मयात पिता-पुत्रसंबंध हा एक रूढ विषय होऊन बसला आहे. टॉमस ह्यूझ यांच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ (१८५७) या कादंबरीतील पिता मुलास शाळेत धाडतो, तो पंडित व्हावा म्हणून नव्हे, तर सरळ व धीट पुरुष व्हावा म्हणून. पुढे अमेरिकेतील बेसबॉलकथांनी हाच धागा उचलला. किन्सेला यांच्या ‘शूलेस जो’ (१९८२) या कादंबरीत पुत्र आपल्या शेतात मैदान आखतो आणि त्या मैदानावर त्यास दिवंगत पित्याची भेट घडते. खेळ हा जणू पित्याकडून पुत्राकडे येणारा वारसा होय, असे या कथा मानतात.

परंतु मैदानाचे दार पुत्रास उघडे आहे, हे यात गृहीत धरलेले असते. ऑगस्ट विल्सन यांच्या ‘फेन्सेस’ (पहिला प्रयोग १९८५) या नाटकाने नेमके हेच गृहीत तपासले. त्यातील कृष्णवर्णीय पित्याची उमेद निग्रोंच्या वेगळ्या बेसबॉल संघांत सरली. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन यांच्या रूपाने मुख्य संघांचे दार उघडले, तेव्हा त्याचे वय उलटून गेले होते. तोच पिता पुढे पुत्राच्या खेळाची वाट अडवितो. येथे वारसाहक्काने उतरते ती जखम.

हाच प्रश्न पुण्याच्या क्रिकेटच्या इतिहासात कथेतून नव्हे, प्रत्यक्षात उभा राहिला. बाळू पालवणकर यांचे वडील लष्करात नोकरीस होते. चांभार जातीतील या कुटुंबात खेळाचा वारसा असणे शक्यच नव्हते. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर मुले खेळ शिकली. १८९२ च्या सुमारास बाळू ‘पूना क्लब’च्या मैदानावर दरमहा चार रुपयांवर राबत होते. खेळपट्टी राखणे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणे हे त्यांचे काम. ग्रेग यांच्यासारखा नामांकित फलंदाज त्यांच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करी. बाळूंच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही.

पुढे युरोपियनांस हरविण्याच्या ईर्षेने पुण्यातील हिंदू संघाने त्यांस आपल्यात घेतले. तथापि मैदानावर ज्याच्या हातचा चेंडू सर्वांस चाले, त्याला चहा तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचे नेतृत्व त्यांना लाभले नाही.

आपल्याकडे थोरला भाऊ बापाच्या ठिकाणी मानतात. शिवराम, गणपत व विठ्ठल या धाकट्या भावांचे बाळू हे या अर्थाने क्रीडापिताच होत. त्यांनी भावांस काय दिले, हे १९२० साली दिसून आले. त्या वर्षी चौरंगी सामन्यांसाठी बाळू यांस वगळण्यात आले. कर्णधार पै पहिल्या सामन्यास उपलब्ध नसताना नेतृत्व पुण्याचेच तरुण खेळाडू दि. ब. देवधर यांच्याकडे गेले. अनुभवाने ज्येष्ठ असलेल्या शिवराम व विठ्ठल यांनी जातिभेदाचा जाहीर निषेध करून अंग काढून घेतले. यात देवधरांचा व्यक्तिशः दोष काढण्याचे कारण नाही. प्रश्न निवड करणाऱ्यांचा होता. पुढील सामन्यास पै परतले, बाळूंस उपकर्णधारपद देण्यात आले आणि बंधू पुन्हा खेळले. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले.

बंधूंची ही कृती अखिलाडू होती काय? कर्णधार नेमला की निमूटपणे खेळावे, अशी शिकवण ह्यूझ यांच्या परंपरेतून येते. परंतु नियम पाळण्याचे कर्तव्य खेळाडूवर जितके, तितकेच ते मैदानाच्या धन्यांवरही असते. गुणांचा मान राखण्याचा करार त्यांनीच मोडला असता, खेळाची प्रतिष्ठा बंधूंच्या नकारानेच राखली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. विल्सन यांच्या पित्याने आपली जखम पुत्राच्या वाटेत आडवी घातली. बाळूंच्या भावांनी थोरल्याची जखम आपली मानून वाट मोकळी केली, आणि मग ते खेळावयास परत आले. हे परत येणे विसरता कामा नये.

वारसा पित्याकडून पुत्राकडेच जातो, असेही नाही. स्वतः देवधर यांच्या घरी तारा, सुंदर व सुमन या कन्यांनी १९४० नंतरच्या दशकात बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय कीर्ती मिळविली. विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ (१९४८) हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. क्रीडाकथेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने अमेरिकेच्या मैदानाकडे वळण्यापूर्वी या पुस्तकाची पाने उलटावीत, एवढेच सुचवावेसे वाटते.