परवलीचे वचन



नित्यपाठ करणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु वाचलेल्या वचनावर रोज चार ओळी लिहून स्वतःच्या मनाची झडती घेणारे विरळाच. युरोपातील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजात ही चाल जुनी आहे. तिचाच थोडासा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

१७२२ साली, धर्मच्छळामुळे मोरेव्हियातून परागंदा झालेली काही कुटुंबे सॅक्सनीत काउंट झिंझेनडॉर्फ यांच्या जमिनीवर येऊन राहिली. त्यांनी वसविलेले गाव म्हणजे हेर्नहूट. तेथे ३ मे १७२८ रोजी सायंकाळच्या उपासनेत काउंटांनी दुसऱ्या दिवसासाठी एक वचन सांगितले. पुढे रोजचे वचन घरोघर पोचविण्याची रीत पडली आणि १७३१ सालासाठी अशा वचनांची पहिली छापील पुस्तिका निघाली. तिचे नाव 'लोझुंगेन'. लोझुंग म्हणजे पहाऱ्यावरील शिपायांचा परवलीचा शब्द. ही पुस्तिका आजही दरवर्षी निघते. तीत जुन्या करारातील वचन चिठ्ठी काढून ठरते आणि नव्या करारातील वचन त्यास जुळेल असे निवडतात. वाचकाकडे मात्र निवड नसते, आणि यातच या रीतीचे मर्म आहे. कारण निवड आपल्या हाती आली म्हणजे मन आपणांस सोयीचे तेवढेच वेचते.

या पुस्तिकेच्या नित्य वाचकांपैकी एक होते जर्मन धर्मोपदेशक डीट्रिख बोनहोफर. जन्म १९०६ सालचा. १९३५ ते १९३७ या काळात फिंकेनवाल्डे येथील आपल्या विद्यार्थ्यांना ते रोज सकाळी अर्धा तास बायबलातील एकाच लहानशा उताऱ्यावर मनन करावयास लावीत. ही पाठशाळा पुढे नाझी पोलिसांनी बंद केली.

जून १९३९ मध्ये युद्धाचे ढग जमत असता स्नेह्यांनी त्यांना अमेरिकेत बोलावून घेतले. तेथे काम होते, मान होता, आणि हिटलरच्या सैन्यभरतीतून सुटकाही होती. परंतु मायदेशातील बांधव संकटात असता आपण सुरक्षित राहावे, हे त्यांच्या मनास पटेना. २० जून रोजी त्यांनी ते काम नाकारले. अशा दिवशी कोणाही माणसाने आपल्या दैनंदिनीत स्वतःची थोडी पाठ थोपटली असती. त्या दिवशीचे वचन मात्र ईश्वराच्या निःपक्षपाती न्यायाचे होते. ते वाचून बोनहोफर यांनी लिहिले त्याचा आशय असा, की हा निर्णय धैर्याचा दिसला तरी त्यात माझी वैयक्तिक भावना व चिंता किती मिसळली आहे, हे ईश्वर जाणतोच.

२६ जून रोजी पौलाचे तीमथ्याला लिहिलेले दुसरे पत्र त्यांच्या सहज वाचनात आले. बंदिवासातील पौल आपल्या शिष्यास हिवाळ्यापूर्वी येऊन पोचण्याची विनवणी करतो. ते शब्द दिवसभर त्यांच्या मनात घोळत राहिले. ते आपल्यासाठीच आहेत असे मानणे हा शास्त्राचा दुरुपयोग नव्हे, अशी नोंदही त्यांनी केली. येथे तारखांकडे आपले लक्ष वेधतो. निर्णय सहा दिवस आधीच झाला होता. वचनाला कौल लावून त्यांनी तो घेतला नव्हता. घेतलेला निर्णय वचनापुढे ठेवून ते तो पारखीत होते.

जुलैमध्ये ते जर्मनीस परतले. एप्रिल १९४३ मध्ये त्यांना अटक झाली. बर्लिनच्या टेगेल तुरुंगातूनही १९४४ च्या पेन्टेकॉस्ट सणासाठी त्यांनी रोजच्या वचनांवर मनने लिहून स्नेही एबरहार्ड बेटगे यांस धाडली. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग येथे त्यांना फाशी देण्यात आली.

या मृत्यूमुळे त्या लेखनाला तेज चढले हे खरे; तथापि माझ्या मते त्याचे मोल २० जूनच्या नोंदीवरून ठरावे. धर्मग्रंथ कोणताही असो, त्यावर रोज लिहिणाऱ्याने महिनाअखेर आपली वही चाळून पाहावी. तीत स्वतःची स्तुतीच आढळली, तर वचन अजून वाचावयाचे राहिले आहे असे खुशाल समजावे.