पेटीत न मावलेली माशी

गेवराईकडे मोहोळ म्हटले की आग्याच. पावसाळा सरला की गोदाकाठच्या जुन्या वडावर, पाण्याच्या टाकीखाली त्याची पोळी लटकू लागतात. मधपेटी मात्र इथल्या शेतात क्वचितच दिसते. असे का, हे शोधू गेले की वाट महाबळेश्वरला पोहोचते.

मधपेटीचा शोध तसा परका. सहा ते नऊ मिलिमीटरची फट माश्या बुजवत नाहीत, हे १८५१ मध्ये अमेरिकेतील धर्मोपदेशक लँगस्ट्रॉथ यांनी हेरले आणि उचलून काढता येणाऱ्या चौकटी बसवल्या. पुढे दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी आपल्या लहानखुऱ्या सातेरीसाठी बेताची पेटी केली. १९३९ पासून निघू लागलेल्या 'इंडियन बी जर्नल'मुळे पाळणारे आणि अभ्यासक एकमेकांना वाचू लागले.

महाबळेश्वरात या देवघेवीला खरा आकार आला. देवडीकर आणि ठाकर यांनी १९५३ मध्ये तिथल्या प्रमुख मधुवनस्पतींच्या परागकणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मधाच्या थेंबात सापडणारे परागकण ओळखता आले, की माशी कोणत्या फुलावर गेली होती ते कळते. जांभूळ, हिरडा, कारवी ही नावे डोंगरातल्या माणसाला नवी नव्हती. कारवी काही वर्षांच्या खंडाने एकदम फुलते, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही. त्याच्या त्या जाणतेपणाशेजारी आता भिंगाखालचा पुरावा आला. १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था उभी राहिली. २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचे मांघर देशातले पहिले 'मधाचे गाव' ठरले.

पण ही सारी देवघेव मुख्यतः सातेरीभोवती फिरली. सातेरी ढोलीत, अंधारात, अनेक समांतर पोळी बांधते. म्हणून ती पेटीत रमते. आग्या उघड्यावर एकच मोठे पोळे टांगतो. त्याला पेटीत कोंडता येत नाही. अभ्यासकांनी त्याला बाजूला ठेवले यात नवल नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आग्या पाळता येत नसला तरी त्याला जाणणारी माणसे होती. तो कधी उतरतो, कोणत्या झाडावर फिरून येतो, हे मोहोळ काढणाऱ्याला ठाऊक असते. ते कागदावर फारसे उतरलेच नाही.

वर्ध्याला डॉ. गोपाळ पालीवाल यांनी नेमके हेच धागे जुळवले. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या कोपऱ्यात असतो, अंडी-अळ्या खाली. अंगभर पोशाख घालून तेवढाच मधाचा भाग कापला, तर वसाहत जगते. विदर्भातल्या मध गोळा करणाऱ्या आदिवासींबरोबर त्यांनी ही रीत रुजवली.

मराठवाड्याला ती हवी आहे, आणि केवळ मधासाठी नव्हे. सूर्यफूल भरायचे, कांद्याच्या डेंगळ्यांत बी धरायचे तर माश्या लागतात. इकडे अजूनही टेंभा लावून पोळे खाली ओढले जाते. सकाळी वडाखाली पांढऱ्या अळ्यांचा सडा पडलेला असतो, आणि पलीकडच्या बांधावर डेंगळे फुललेले.