तळटीप : 'दक्षिण दिल्ली महानगरपालिका'

१२. दिल्लीतील द्वारका २०२२ पर्यंत या पालिकेच्या नजफगड विभागात मोडत असे. २०१२ मध्ये दिल्ली महानगरपालिकेचे उत्तर, दक्षिण व पूर्व असे तीन तुकडे झाले. दक्षिणेकडे मालमत्ता कराचे उत्पन्न बरे होते. उत्तर आणि पूर्वेकडे मात्र सफाई कामगारांचे पगार रखडत. संसदेच्या कायद्याने २२ मे २०२२ रोजी तिन्ही पालिका पुन्हा एक झाल्या; नव्या रचनेत प्रभाग २७२ वरून २५० झाले. द्वारका वसवणारे दिल्ली विकास प्राधिकरण मात्र केंद्राच्या अखत्यारीत वेगळेच राहिले. म्हणून एकीकरण अपुरेच म्हणायला हवे : तुंबलेल्या गटाराची तक्रार कुठे करायची, हे रहिवाशाला एकाच दारी कळले पाहिजे. — संपा.